बाटलीतला राब

वैशाख लागला, मावळात जागोजागी राब भाजायला लागले की माझं डोकं फिरतं. हे गेल्या वर्षापासूनचं. त्याआधीची पन्नासएक वर्षं हाच धूर नाकात गेला की मला बरं वाटायचं. आज सकाळी मळवलीला उतरून भाजे गावाच्या वाटेला लागलो, तर डाव्या हाताच्या दोन वावरांतून धूर निघत होता. जमिनीलगत, आळसट, निळसर. शेणाचा, सुक्या पाल्याचा, तापलेल्या मातीचा वास. माझ्या पुढं एक बाई चालली होती, पाठीला सॅक, पायांत बूट, लेणी बघायला आलेली. तिनं नाकाला रुमाल लावला. तिचं काही चुकलं नाही, धूर घशात जातोच. पण मला तिच्या हातातला रुमाल हिसकावून घ्यावासा वाटला. आता बोला! पंचावन्न वर्षांचा माणूस, डोक्याचे केस पांढरे, आणि डोक्यात हे असले विचार.

राब म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, त्यावर उन्हाळ्यात शेणाचा थर द्यायचा. त्यावर झाडांची टहाळं, मग पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यांच्या वर मातीचा पातळ हात. मग वारं पडलेलं बघून एका कडेनं पेटवायचं. ज्वाळा होऊ द्यायची नाही. धुमसत धुमसत खालची माती भाजली पाहिजे. त्यानं गवताचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, आणि त्या राखेत टाकलेलं भात असं उठतं की बघत राहावं. राब साधला तर वर्ष साधलं. शाळेत असताना आम्ही आमच्या गावी, वडिवळ्याच्या वावरात या धुरात उभे राहायचो, डोळे चोळत, आणि आई ओरडायची, "आरं सुदाम, वाऱ्याच्या तोंडाला हुबा ऱ्हाऊ नगंस!" मी मुद्दाम तिथंच उभा राहायचो. संध्याकाळी अंगरख्याला तो वास यायचा आणि मी तोच अंगरखा घालून झोपायचो.

आता माझा धंदा ऐका. मी तीस वर्षं लोणावळ्यात बारवर काढली. ते हॉटेल आता राहिलं नाही, तेव्हा नाव कशाला काढू. ग्लास पुसण्यापासून सुरुवात केली. मालकांना सिंगल माल्टचा भारी नाद. एकाच भट्टीतली, नुसत्या मोड आणलेल्या जवाची, वर्षानुवर्षं लाकडी पिंपात निजवलेली स्कॉच. दुपारी बार रिकामा असला की ते मला समोर बसवायचे. "सुदाम, आधी नाक. जीभ नंतर. पाणी थेंबानं. बर्फाचं नाव काढलंस तर घरी बस." अंगठ्याएवढा घोट द्यायचे आणि विचारायचे, काय आठवलं? व्हिस्की काय सांगते ते विचारायचे नाहीत, तुला काय आठवलं ते विचारायचे. असा गुरू सगळ्यांना मिळत नाही. हॉटेल बंद पडलं, मालक गेले, आणि माझं नाक तेवढं उरलं. आता शनिवार-रविवारी मी बंगल्यांवर टेस्टिंगला जातो. काळं जाकीट, पांढरा शर्ट. आठ-दहा पाहुणे, समोर प्रत्येकी चार ग्लास, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते, म्हणजे वास आत कोंडून राहतो. कुठल्या बाटलीबरोबर काय खायचं ते मी ठरवतो.

व्हिस्कीवर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चांगली सिंगल माल्ट ही मेहनतीची वस्तू आहे आणि मेहनतीच्या वस्तूला मी नाव ठेवणार नाही. तिकडं स्कॉचच्या मुलखात, समुद्रात एक बेट आहे, आयला नावाचं. हो, आयला! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मालकांसमोर खो खो हसलो होतो. त्या बेटावर झाडं कमी. मग लोक दलदलीतली कुजलेली माती विटांसारखी कापतात, वाळवतात, आणि तिच्या धुरावर मोड आलेले जव सुकवतात. तो धूर दाण्यात शिरतो, दाण्यातून दारूत उतरतो, आणि दहा-पंधरा वर्षं पिंपात राहूनसुद्धा जात नाही. तिथल्या शेतकऱ्याच्या चुलीतला धूर आमच्या लोणावळ्यात पोचतो. मला याचं अजून नवल वाटतं.

माझी खरी हौस खाण्याची जोडी लावण्याची. मधासारखी गोडसर, हलकी व्हिस्की असेल तर मी शेंगदाण्याची चिक्की देतो, पण पातळ, आणि गूळ कडेला जरा करपलेला. हे ऐकून पुण्याची एक बाई मला म्हणाली होती, चिक्की? आम्हाला वाटलं चीज द्याल. खाऊन मात्र तिनं दोनदा मागितली. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात राहिलेली, मनुकांच्या वासाची असेल तर मटणाचं सुकं, खोबरं काळपट होईतो भाजलेलं, तिखट बेतानं. ठेचा टेबलावर येऊ द्यायचा नाही, यावरून मी किती आचाऱ्यांशी भांडलोय! जीभ एकदा बधिर झाली की पुढं फिनेल दिलं तरी कळायचं नाही. आणि त्या बेटावरची धुराची असेल तर चुलीत भाजलेला सुका बोंबील, त्यावर कच्चं तेल, आणि तांदळाची भाकरी. भाकरीला काळे डाग पडलेले हवेत. ही जोडी माझी. कुठल्या पुस्तकात नाही.

आणि समोर बसणारे लोक? सगळेच वाईट नसतात, काहींना खरंच कळतं. पण त्या 'नोट्स'! ग्लासात नाक घातलं की यांना सुचायला लागतं. कुणाला जुन्या चामड्याचा वास येतो, कुणाला लायब्ररीचा, एकाला तर ओल्या कुत्र्याचा आला. ओला कुत्रा म्हणे! बंगल्याच्या फाटकाबाहेर खराखुरा ओला कुत्रा आला तर वॉचमनला हाका मारतात. मी हातात बाटली धरून उभा असतो आणि हसून मान हलवतो. मान हलवणं हा माझ्या कामाचा भाग आहे.

मी सांगणार होतो आक्काची गोष्ट. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई वावरात असायची तेव्हा मी हिच्याच कडेवर वाढलो. ती लग्न होऊन वडिवळ्याहून भाज्याला गेली. दाजी रेल्वेत गँगमन होते, आता गुडघ्यांनी दगा दिला, ओट्यावर बसून असतात. वावर सगळं आक्का बघते. तिला माझ्याकडच्या रिकाम्या बाटल्या लागतात. जाड काच, घट्ट बूच. भोपळ्याचं, घेवड्याचं बी त्यात ठेवते, कीड लागत नाही म्हणते. तीनेक वर्षांपूर्वी मी त्या धुरकट व्हिस्कीची बाटली घेऊन गेलो. आक्कानं आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही, लावला असता तर गावानं तिचं नाव टाकलं असतं. पण बूच काढून तिनं नाकाशी धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "आरं, ह्यात कुनी राब भाजलाय का काय?"

मी हसलो. तिनं पुन्हा हुंगलं. "भाजतानाचा न्हाई. भाजून झाला, राखंवर पानी पडलं, आन् दुसऱ्या दिशी सकाळी येतो ना, त्यो. जरा शेरडाच्या गोठ्यावानी बी हाय."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिलो. तीस वर्षं मी तो वास हुंगत होतो आणि हे नाव मला सुचलं नव्हतं. वडिवळ्याच्या वावरातला, अंगरख्यातला, माझा स्वतःचा वास, आणि मी लोकांना सांगत होतो की हा 'स्मोक' आहे. मालक असते तर आक्काला नमस्कार केला असता.

आक्काच्या वावराच्या वरच्या अंगाला चढावर एक बंगला आहे. तिथले साहेब मला महिन्यातून दोनदा तरी बोलावतात. मी मनात त्यांना नाकसाहेब म्हणतो. माणूस हौशी, बोलायला गोड, हात सढळ. त्यांना मी सांगितलं, साहेब, एक माणूस म्हणाला याला भाजलेल्या राबावर पाणी पडल्याचा वास येतो. राब म्हणजे काय तेही सांगितलं. पुढच्या शनिवारी पाहुण्यांसमोर ग्लास उंच धरून साहेब म्हणाले, "मला यात नेहमी आमच्या मावळातल्या जळत्या भातशेतीचा वास येतो." मला. नेहमी. आमच्या. मी बाटली पुसत होतो. खरं सांगतो, तेव्हा राग आला नाही, उलट जरा फुशारलोच. माझ्या बहिणीचं वाक्य बंगल्यात बोललं जातंय म्हणून. असा मी शहाणा.

त्या बंगल्यावर बोंबलाबरोबरची भाकरी आक्काच्या घरून जायची, आणि ती साध्या तांदळाची नसायची. आमच्या वडिवळ्याच्या घरी एक भात होतं. तांबडं, आखूड दाण्याचं, शिजलं की अख्ख्या आळीला कळायचं. त्याला नाव बिव काही नव्हतं, आम्ही तांबडं भात म्हणायचो. कुणी आजारी पडलं की त्याची पेज. मला गोवर आला होता तेव्हा आठ दिवस मी त्या पेजेवर होतो. आक्का सासरी निघाली तेव्हा आईनं तिच्याबरोबर दोन पायल्या बियाणं दिलं होतं. पुढं आम्ही वडिवळ्यात सगळीकडं इंद्रायणी लावायला लागलो, ते जास्त येतं, बाजारात चालतं. आई गेली, आणि आमच्या घरातलं तांबडं भात कधी संपलं ते मला आठवतसुद्धा नाही. आक्कानं मात्र एका खाचरात ते धरून ठेवलं. विकायला नाही. दरवर्षी थोडं खायचं, बाकीचं पुन्हा पेरायचं. "आईचं हाय," एवढंच म्हणायची. साहेबांना मी एवढंच सांगितलं होतं की हा खालच्या शेतातला तांदूळ आहे. त्यांनी पहिल्यांदा ती भाकरी खाल्ली तेव्हा बोलायचे थांबले, आणि तो माणूस बोलायचा थांबणं ही साधी गोष्ट नाही.

गेल्या वर्षी वैशाखात, एका शुक्रवारी दुपारी साहेबांचा फोन आला. "सुदाम, खालच्या शेतवाल्या बाई आहेत ना, त्या उद्या काहीतरी जाळणार आहेत म्हणे. चौदा गेस्ट आहेत आपल्याकडे. जरा बोल ना त्यांच्याशी. आधी नाक, असं तूच सांगतोस. धुरात काय कपाळ टेस्ट करणार?"

मी म्हणालो, "बोलतो साहेब."

त्या बाई माझ्या सख्ख्या बहीण आहेत, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. का नाही निघालं? वर्षभर मी याचं उत्तर शोधतोय आणि दरवेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या बंगल्यात मी काळ्या जाकिटातला, पिंपांची आणि बेटांची नावं सांगणारा माणूस होतो. खाली वावरात शेणानं हात भरलेली बाई माझी बहीण आहे हे कळलं असतं, तर साहेबांचं काही बिघडलं नसतं. ते कदाचित खूशच झाले असते, पाहुण्यांना सांगायला अजून एक गोष्ट मिळाली असती. माझंच तोंड शिवलं गेलं. लाज वाटली. कशाची, ते विचारू नका. विचारलंत तर मला त्या लाजेचीच लाज वाटते.

संध्याकाळी मी भाज्याला गेलो. आक्कानं राब रचून तयार ठेवला होता. वरच्या मातीवरून हात फिरवत होती. मला बघून म्हणाली, "बरा आलास. उद्या सकाळच्या पारी पेटवते. वारं पडलंय."

"आक्का, उद्या नको. रविवारी दुपारनंतर भाज."

"आन् का?"

"वरती पाव्हणे आहेत. धूर जातो वर."

तिनं कमरेवर हात ठेवून लोहगडाच्या अंगाला बघितलं. "वळवाचं ढग बघ की रं कसं धरल्यात. दोन दिस झालं उकडतंय. भिजला म्हंजी?"

"एका दिवसानं काय होतंय आक्का?"

हे वाक्य मी बोललो. वडिवळ्याच्या मातीत वाढलेला, धुरात उभा राहिलेला मी. शहरातल्या माणसानं म्हटलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

आक्कानं राबावरचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं. मग विचारलं, "तुझ्या कामाचं हाय व्हय?"

"व्हय."

"मग ऱ्हाऊ दे. परवा भाजते." आणि घरात जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रागावून परत गेलो असतो आणि तिनं शनिवारी राब पेटवला असता.

शनिवारी संध्याकाळी सहाला पाहुणे व्हरांड्यात बसले. पहिली मधाची, चिक्कीबरोबर. दुसरी शेरीची, मटणाबरोबर. तिसरी धुराची. मी ओतली, आक्काच्या भाकरीचे तुकडे आणि बोंबील फिरवले. साहेब उभे राहिले. "आता सगळ्यांनी डोळे मिटा. कल्पना करा, उन्हाळ्यातलं भाताचं शेत आहे, माती धुमसते आहे..." चौदा माणसं डोळे मिटून, ग्लासात नाकं घालून बसली होती. डोळे उघडे होते ते माझे एकट्याचे. आणि तेवढ्यात वारं उठलं, पत्र्यावर टपोरे थेंब वाजले आणि बघता बघता वळीव कोसळला.

पाहुण्यांना केवढा आनंद! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ग्लास घेऊनच अंगणात गेलं, दोन पोरी हात पसरून भिजत मोबाईलवर रील करायला लागल्या. साहेब म्हणाले, "काय टायमिंग आहे!" मी कठड्यापाशी गेलो. खाली वावरात आक्का पळत होती. पदर खोचलेला, हातात खताच्या पिशव्या उसवून शिवलेली एक फाटकी ताडपत्री. एका टोकावर दगड ठेवायची, तोवर दुसरं टोक वाऱ्यानं उडायचं. दाजी ओट्यावरून काहीतरी ओरडत होते, त्यांना उठता येत नव्हतं. पासष्टीला टेकलेली बाई त्या ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांमध्ये एकटी पळत होती.

मी काय केलं असेल? जाकीट फेकून खाली धावलो असेन, असं तुम्हाला वाटलं तर तुमचा चांगुलपणा. मागून हाक आली, "सुदाम, ही अजून थोडी दे ना," आणि मी वळलो, आणि ग्लासात ओतली. एक थेंबही बाहेर सांडला नाही. तीस वर्षांची सवय. त्या सवयीला आग लागो.

पुढं चार दिवस रोज संध्याकाळी पाऊस आला. राबाचा चिखल झाला. आक्कानं दोनदा पेटवून बघितलं, कडेचा पाला नुसता धुरकटला आणि विझला. मग खरा पावसाळाच आला. न भाजलेल्या मातीत तिनं भात टाकलं, दुसरं काय करणार होती. भात आणि गवत एकाच दिवशी वर आलं. वीतभर उंचीची असताना ही दोन्ही सारखी दिसतात. मी एक दिवस काम बुडवून तिच्याबरोबर निंदायला बसलो. पावसात पाठ वाकवून ती एकेक काडी चिमटीत धरायची आणि मला सांगायची, "ह्ये भात. ह्ये गवात. मुळाशी बघ, वर काय बघतूस." मी गवत उपटायचो, त्याच्या मुळांत गुंतून भाताचं रोपही वर यायचं. मी ते परत टोचायचो. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. तांबड्या भाताचं रोप गवतानं दाबलं, पिवळं पडलं, आणि लावणीच्या वेळेला हातात धरावं असं काही उरलंच नाही. शेजारच्यांकडं इंद्रायणीचं रोप उरलं होतं, ते आणून तिनं आईचं खाचर लावलं.

"थोडं बाजूला ठेवलं होतंस का?" मी विचारलं.

"न्हाई रं. समदं टाकलं व्हतं. आसं कवा झालंच न्हाई, तवा वाटलं न्हाई." मग म्हणाली, "जाऊ दे. भातच त्ये."

मी वडिवळ्याला गेलो, आमच्या भावकीत विचारलं. कामशेतच्या बाजारात म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांना ते भात आठवत होतं. आठवून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटत होतं. एका आबांनी तर त्याच्या पेजेवर पाव तास बोलून दाखवलं. बियाणं एकाकडंही नव्हतं. "त्ये कुटं आता," असं म्हणायचे आणि चहा घे म्हणायचे. मला त्यांचाही राग आला, आणि लगेच माझ्याच घरातली रिकामी कणगी आठवली, म्हणून चहा घेतला.

दिवाळीनंतर साहेबांनी पुन्हा बोलावलं. "सुदाम, ती तांबडी भाकरी हवीच हां. खास तिच्यासाठी लोक येतायत." मी सांगू शकलो असतो. साहेब, ते भात संपलं, आणि ते कसं संपलं ते बसून ऐका. मी काय केलं? बाजारातून तांदळाचं साधं पीठ आणलं, रंगासाठी मूठभर नाचणी मिसळली, बंगल्याच्या गॅसवर भाकऱ्या केल्या आणि बोंबलाबरोबर मांडल्या. मला वाटलं, आता कळेल. पहिल्या घासाला कुणीतरी भुवई उडवेल, साहेब तरी उडवतील. तेव्हा सगळं बोलून टाकायचं, असं मी ठरवून उभा होतो.

एका पाहुण्यानं डोळे मिटले. "माती," तो म्हणाला. "शुद्ध माती लागते." दुसरी म्हणाली, "हे शहरात मिळणारच नाही." आणि साहेब भाकरीचा तुकडा उजेडात धरून म्हणाले, "हा तांदूळ जगात फक्त आमच्या या खालच्या शेतात होतो."

माझ्या हातात बाटली होती. ती टेबलावर आपटावी, ते सगळे ग्लास एका हातानं सारावेत, असं इतकं वाटलं की मी हात पाठीमागं घेतले. नाकं आहेत का फुंकण्या! एक बाई पावसात पळाली, एक बियाणं कायमचं गेलं, आणि यांना नाचणीच्या भेसळीत तीच माती लागते! मी जाकिटाचं बटण नीट केलं आणि विचारलं, "अजून कुणाला भाकरी?"

आता यंदाचा वैशाख. आठवड्यापूर्वी भाज्याच्या वळणावर बंगलेवाल्यांनी मिळून एक फलक लावला. नम्र विनंती, शनिवार-रविवारी शेतात धूर करू नये, पर्यटकांना त्रास होतो. खाली हात जोडलेलं चित्र. हात जोडून सांगतायत, म्हणजे आपण बोलायचं काम नाही. फलक वाचला आणि त्या दिवशी मी ताट सारून बसलो. बायको म्हणाली, "नुसते धुमसत बसू नका, जाऊन सांगा तरी आक्कांना." बरोबर होतं तिचं. मी रात्रभर वाक्यं जुळवली. आक्का, तुझं वावर आहे. तू शनिवारीच भाज. भर संध्याकाळी सहाला भाज, मी स्वतः काडी लावतो, आणि मग वर जाऊन सांगतो की खाली जी भाजतेय ती माझी बहीण आहे. आज सकाळी मळवलीपासून भाज्यापर्यंत मी हेच घोकत आलो. रुमालवाल्या बाईवर डाफरावंसं वाटलं ते त्याच भरात. आज गुरुवार आहे, शनिवारला दोन दिवस होते, अंगात इतका जोर आला होता की चढही जाणवला नाही.

आक्का वावरातच होती. राबाचा शेवटचा थर लावत होती, दोन्ही हातांत पाला. मला बघितलं आणि तिनं हातातला पाला खाली ठेवला. ही बाई आयुष्यात कधी नवऱ्याला विचारून शेतात गेली नाही, सासऱ्यांना विचारून नाही. आभाळाला विचारायची, तेवढंच. ती उभी राहिली, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, आणि मी तोंड उघडायच्या आत अगदी साधेपणानं विचारलं,

"सुदाम, यंदा कवा भाजू? तुझं पाव्हणं कवा येनार हायेत?"

माझा हात खिशाकडं गेला. देवाशपथ सांगतो, मी पाठवला नव्हता, तो आपला आपण गेला. मोबाईल बाहेर आला, बुकिंगची यादी उघडली. शनिवारी बारा जण. रविवारी सकाळी सहा जण, ते संध्याकाळपर्यंत थांबणार होते. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. रात्रभर जुळवलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं.

"सोमवारी भाज," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली, आणि वाकून पाला उचलला.